मामा, बनियन काढा

ऑक्टोबरातल्या भर दुपारी ठाण्यात थर्मल अंगात घालून बघणाऱ्या माणसाकडे दुकानदार कसा बघतो, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं एकदा जरूर करून बघावं. जांभळी नाक्यापासून जरा आत एक जुनं होजिअरीचं दुकान आहे. तिथली कपडे घालून बघायची जागा म्हणजे खोक्यांच्या दोन थप्प्यांमधली फट आणि पुढे ओढलेला पडदा. पंखा बाहेर, गल्ल्यावर. रस्त्यावर पस्तीस डिग्री. मी त्या फटीत उभा राहून जाड, चौकटी शिवणीचं पांढरं थर्मल डोक्यातून ओढत होतो आणि ते घामानं पाठीला असं चिकटलं की ना खाली येई, ना वर जाई. शेवटी बायकोला आत बोलवावं लागलं.

“मनाली का, साहेब?” बाहेरून दुकानदारानं विचारलं. ठाण्यात थर्मल मागणारा माणूस एक तर मनालीला चाललेला असतो, नाही तर चारधामला.

“नाही. हरणाच्या शिकारीला.”

बाहेर एकदम शांतता. बायको घाईघाईनं म्हणाली, “अमेरिकेत हो! आणि हे नुसते बघायला चाललेत.”

त्याला ते कितपत पटलं कुणास ठाऊक. बिल मात्र त्यानं जरा लवकर केलं.

झालं होतं असं की माझी ताई नातवासाठी सहा महिने भाच्याकडे जाऊन राहिली होती आणि आम्हीही दिवाळीनंतर महिनाभर यावं असा तिचा हट्ट होता. भाचा विस्कॉन्सिनमध्ये असतो. त्याची बायको तिथलीच, आणि तिच्या वडिलांची थोडी शेती, थोडं रान. हे सासरे पोरवयापासून दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. भाच्यानंही रीतसर त्याचा कोर्स केला. तिथे १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो कोर्स केल्याशिवाय सहसा शिकारीचा परवानाच मिळत नाही. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद होत गेली. तिकडे जवळपास त्याच सुमाराला जन्मलेल्यांना शिकार शिकून घ्यायची अट. दोन देशांनी एकाच काळात टोकाच्या दोन दिशा धरल्या, याची मला त्या दिवशी जरा गंमत वाटली.

मला हरणं बघत बसायचा नाद जुना आहे, हे भाच्याला माहीत. लहानपणी सुट्टीत तो आमच्याकडे यायचा तेव्हा मीच त्याला येऊरच्या रानात न्यायचो. म्हणून तो म्हणाला, “मामा, एक दिवस माझ्याबरोबर बसा. बंदुकीला हातही लावू नका. फक्त बसा.” आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर कपड्यांची ही लांबलचक यादी.

यादीत पहिलीच ओळ होती: आतला थर, लोकर किंवा पॉलिस्टर, सुती नको. मी ती वाचली. वाचली आणि जाडजूड, उबदार दिसणारं सुती थर्मल घेऊन आलो. आणि त्याच्याखाली बनियन तर असणारच होतं. त्याचा यादीत उल्लेख नव्हता, पण बनियन काय यादीत लिहायची गोष्ट आहे? आपल्याकडे पुरुषाच्या अंगावर आधी बनियन येतं, मग बाकीचं जग. माझे वडील १०४ तापातही बनियनशिवाय झोपले नाहीत.

जंगलात बसताना काय घालावं याचा एक धडा मला खरं तर घराशेजारीच मिळालेला होता. तोही वाया गेला म्हणायचा.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान सगळं मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बोरिवलीकडून जाणाऱ्यांना ते आपलं वाटतं, पण सकाळी उपवनच्या तळ्यावरून वर बघितलं की कळतं, डोंगर आमच्याकडे तोंड करून बसलाय. चितळ आहेत, सांबर आहे, भेकर आहे, नशीब असेल तर पिसोरी. बिबट्या तर पेपरातच असतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची गणती होते, कारण मे महिन्यात पाणी थोडक्याच जागी उरतं आणि चांदणं भरपूर असतं. काही वर्षांपूर्वी मी त्यासाठी नाव दिलं आणि एका मचाणावर माझी सोय लागली. बरोबर एक वनरक्षक आणि पाड्यावरचे एक वारली काका. दोघांनी माझा शर्ट बघितला, खाकी आहे म्हणून मान हलवली. पांढरं नको, अत्तर नको, उदबत्तीछाप मच्छरवाली काही भानगड नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गप्प बसायची तयारी, एवढंच त्यांचं मागणं. काकांकडे सामान म्हणजे खांद्यावर एक पंचा. घाम आला की पुसायला, डास आले की झटकायला, पहाटे गार वाटलं की कानाला बांधायला.

मी मात्र तयारीचा माणूस. अवकाळी पाऊस येऊ शकतो म्हणून पिशवीत नायलॉनचा रेनकोट.

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला एक सांबर मादी आली. आली म्हणजे काय, आधी नुसता काळोख जरा घट्ट झाला. मग त्या घट्ट काळोखाला कान फुटले. ती पाण्याकडे येत होती, पाऊल टाकत होती, थांबत होती. एक पाऊल, मग मोजून मिनिटभर काही नाही. आणि नेमकं तेव्हा वरून टपटप सुरू झालं. चार थेंब. मी सवयीनं पिशवीत हात घातला आणि रेनकोटची घडी उलगडली.

चिवड्याची पिशवी सिनेमागृहात उघडल्यावर जो आवाज होतो, त्याच्या दहापट आवाज झाला. सांबरानं “पोंक” करून असा काही इशारा दिला की समोरच्या उतारावर आणखी कुणीतरी धडधडत पळालं. गणतीच्या कागदावर सांबर एक लिहिलं गेलं, पण ते पाणी न पिता गेलं. वनरक्षक काही बोलला नाही. काका हळूच म्हणाले, “चार थेंबांनी काय व्हतंय?” पाऊस खरंच चार थेंबांचाच होता.

तेव्हापासून एवढं तर कळलं होतं की रानात कपड्याला आवाज असतो. पण कपड्याला ओलही असते आणि वासही असतो, हे कळायला विस्कॉन्सिनपर्यंत जावं लागलं.

वासापासून सुरू करतो. आम्ही पोचलो त्या रविवारी भाच्याचे सासरे भेटायला आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. मी कौतुकानं माझा स्वेटर दाखवला. ताईनंच वीस वर्षांपूर्वी विणलेला, अस्सल लोकर. त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं, खूश झाले, मग नाकाजवळ नेला आणि भाच्याकडे बघितलं. डांबराच्या गोळ्या! वीस वर्षं ठाण्याच्या कपाटात राहिलेला स्वेटर, त्याला दुसरा कसला वास येणार? आपल्याला तो वास म्हणजे कपाट उघडलं, थंडी आली, लग्नसराई आली असा वाटतो. हरणाला तो मैलावरून परका वाटेल असं त्यांचं मत पडलं. मैल जरा जास्त झाला असेल, शिकाऱ्यांची मापं सैल असतात. पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला असलेलं हरीण नाकानंच माणूस ओळखतं यात शंका नाही. स्वेटर धान्याच्या कोठारात दोरीवर टांगला गेला आणि पाच दिवस तिथे वारा खात लटकला. त्यांचे स्वतःचे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुऊन, उघड्यावर वाळवून, पाइनच्या डहाळ्यांबरोबर एका खोक्यात बंद होते.

मग त्यांनी एक मजेदार गोष्ट केली. माझं जॅकेट घेतलं, कानाशी धरलं आणि त्यावर नखानं खरवडलं. खर्रर्र. मान हलली. मग स्वतःची जुनी, करड्या लोकरीची पँट माझ्या कानाशी धरून तसंच खरवडलं. काही नाही. मी पुन्हा खरवडायला लावलं. काहीच नाही. मला येऊरची सांबर आठवली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

रंगाचं मात्र माझ्या सगळ्या समजुतींच्या उलट निघालं. येऊरला खाकी, हिरवं, मातकट. इथे बंदुकीच्या मोसमात कमरेवरच्या कपड्यांपैकी निम्मा तरी भाग डोळे दिपवणारा केशरी हवा, टोपी घातली तर तीही. हा कायदाच आहे. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. म्हटलं, मग हरीण काय आंधळं आहे? तर जवळजवळ तसंच. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातीच्या, आपल्या तीन. लाल-केशरी त्याला वेगळा कळतच नाही, तो गवता-पानांत मिसळून जातो. माणसाला मात्र तो दोन शेतं ओलांडून दिसतो. म्हणजे ते जॅकेट हरणापासून लपायला नाही, दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून वाचायला. उलट निळ्या बाजूला हरणाची नजर आपल्यापेक्षा तेज. साबणाच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे रसायन घालतात, त्याची निळसर चमक आपल्याला नुसती स्वच्छता वाटते; हरणाला तो उजेड वाटत असावा. ही माहिती मी ऐकून घेतली आणि माझ्या बनियनशी तिचा काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

शनिवारी, थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या आधीच्या त्या शनिवारी, मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. पहाटे चारला उठलो. बाहेर शून्याखाली चार. दुपारी सहा-सातपर्यंत चढेल, पाऊस भुरभुरेल, संध्याकाळी वारा वायव्येकडून फिरेल आणि बर्फ, असा अंदाज. एका दिवसात आपले तीन ऋतू. बायको स्वयंपाकघरात उभी होती. “सगळं घालून जा हं. इथले दवाखाने परवडायचे नाहीत.”

तर मी सगळं घातलं. बनियन. त्यावर जांभळी नाक्याचं थर्मल. त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, ताईचा स्वेटर, सासऱ्यांनी दिलेलं जाड मऊ जॅकेट आणि वर केशरी बिनबाह्यांचं. आरशात बघितलं तर गणेशोत्सवात मांडवाबाहेर उभे करतात तसा हवा भरलेला बाहुला.

भाचा गाडीपाशी एका पातळ लोकरी गंजीवर आणि पातळ फ्लीसवर उभा. वरून केशरी. दात वाजत होते त्याचे. जाड जॅकेट, जाड पँट, सगळं पाठीवरच्या सॅकला बांधलेलं.

“अरे, घाल की अंगात!”

“तिथे गेल्यावर, मामा.”

“तिथे गेल्यावर काय? थंडी इथे आहे.”

त्याच्या सासऱ्यांचं म्हणणं असं की गाडीपाशी उभं असताना कुडकुडत नसाल तर तुम्ही जास्त घातलंय. मला तो अमेरिकन विनोद वाटला.

अर्धा-पाऊण किलोमीटरचा चढ. पायाखाली ओकची गोठलेली पानं, त्याखाली नांगरटीची ढेकळं. चढ संपेपर्यंत मला ठाणे स्टेशनचा सकाळी साडेआठचा पूल आठवला. मानेवरून धार निघाली ती पाठीच्या पन्हळीतून खाली. बरंच वाटलं खरं तर. घाम ही आपली मातृभाषा.

मचाण म्हणजे झाडाला आवळलेली लोखंडी शिडी आणि बारा-एक फुटांवर दोघांपुरतं बाकडं. अंगात पट्टे घालून ते झाडाला जोडायचे, मग बसायचं. बसताना मला उगाच आठवलं की मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये म्हणतात. मचाणाचं काही सांगितलेलं नाही. भाच्यानं श्वास शांत होईपर्यंत पाच मिनिटं तसंच बसून, मग हळूहळू सॅकवरचा एकेक कपडा सोडवून अंगात घातला. जसा काही घरी येऊन माणूस सदरा बदलतो. मी आधीच सगळं घालून बसलेलो. माझ्याकडे घालायला काही उरलंच नव्हतं.

पहिली वीस मिनिटं मजेत. पूर्वेला राखाडी झालं, कुठे दूर एक बार ऐकू आला, मग आणखी एक. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते. मग पाठीच्या मध्यावर, दोन फऱ्यांच्या मधे, कुणीतरी ओला हात ठेवला असं वाटलं. तो हात काढीना. तो पसरत गेला. बगलेत, पोटावर, कमरेपाशी पट्टा होता तिथे. पाऊण तासानं माझे खांदे आपोआप उडायला लागले आणि शिडी किरकिरायला लागली.

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. हातमोजा काढून माझ्या कॉलरमधून बोटं आत घातली. मग कानाशी येऊन कुजबुजला, “मामा, आत काय घातलंय?”

“थर्मल.”

“त्याच्या आत?”

“बनियन.”

तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. “मामा, बनियन काढा.”

शून्याखाली चार डिग्रीत, बारा फुटांवर, एका हातानं बाकडं धरून सहा थर उतरवण्याचं वर्णन मी करणार नाही. नोकरीत असताना वागळे इस्टेटच्या कारखान्यात पगारवाढीच्या बोलण्यांना बसलो होतो, तेही इतकं अवघड नव्हतं. उघड्या अंगावर वारा लागला तो क्षणभर. आणि आश्चर्य हे की ओलं बनियन अंगात असताना लागत होती त्यापेक्षा ती थंडी कोरडी म्हणून सोसवली. भाच्याच्या सॅकमध्ये एक जादा लोकरी गंजी होती. त्यानं ती मुद्दाम माझ्यासाठीच ठेवली असावी, यादी पाठवूनही. ती घातली, त्यावर शर्ट, स्वेटर, जॅकेट. थर्मल बाद. दहा मिनिटांत माणसात आलो.

बनियन पिळलं तर दोन थेंब पडले. मी ते सवयीनं झटकलं आणि शेजारच्या फांदीवर टाकायला हात लांब केला. घरी गॅलरीत टाकतो तसं.

भाच्यानं ते माझ्या हातातून हिसकलं.

इतकं झटकन की मी दचकलो. त्यानं ते चुरगाळून सॅकमध्ये कोंबलं, चेन लावली आणि मग मोठा श्वास सोडला. तिथल्या हरणाचं नावच पांढऱ्या शेपटीचं हरीण. बिचकलं की ते शेपटी वर करतं आणि तिची खालची पांढरी बाजू झाडीत फडफडते. लांबून, अर्धवट उजेडात, शिकाऱ्याला पहिलं दिसतं ते तेच. आणि मी, सकाळी साडेसातला, पहिल्या दिवशी, जिथे आजूबाजूच्या प्रत्येक रानात कुणीतरी बंदूक घेऊन बसलंय, तिथे शुभ्र पांढरं कापड हवेत फडकवत होतो. बायको बनियन नीळ घालून धुते. लखलखीत असतं.

नंतर, उतरल्यावर आणि हातात कॉफी आल्यावर, भाच्यानं ते नीट समजावून सांगितलं. त्याला समजवायची आवड आहे, आमच्या घराण्याचा रोग. बसलेला माणूस साधारण जुन्या शंभर वॅटच्या बल्बाइतकी उष्णता टाकतो. चढ चढताना तोच माणूस त्याच्या चार-पाचपट. म्हणजे चालताना लागणारे कपडे आणि बसल्यावर लागणारे कपडे हे एका माणसाचे कपडेच नव्हेत. चालताना जास्त घातलं की घाम. घाम आला की तो जायला हवा. आणि सुती कापडाचा गुण असा की ते पाणी धाग्याच्या पोटात घेतं आणि धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. लोकरही पाणी पिते, वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते, पण तिचे कुरळे धागे ओले झाले तरी चपटे होत नाहीत, मधली हवा टिकून राहते. पॉलिस्टर पितच नाही, पुढच्या थराकडे ढकलतं. ऊब देतो तो मधला थर, म्हणजे खरं तर त्यात अडकलेली हवा. बाहेरच्याचं काम वारा-पाऊस अडवायचं. आणि सगळ्यात आतल्याचं काम अंग कोरडं ठेवायचं, ऊब द्यायचं नाही.

मी ऐकत होतो आणि मनात बनियनची बाजू घेत होतो. कारण ठाण्यात त्याचा हाच दुर्गुण गुण आहे. एप्रिलात लोकलमधून उतरून घरी आल्यावर शर्ट काढावा आणि बनियनवर पंख्याखाली बसावं. ओलं कापड, वरून वारा: जे मला झाडावर मारत होतं तेच घरी सुख. पन्नास वर्षं ज्यानं मला गार ठेवलं, त्यानं तिथेही इमानानं गारच ठेवलं. त्याला कुठे माहीत की देश बदललाय?

दुपारी पुन्हा बसलो. या वेळी मी चढ चढताना कुडकुडलो, मुद्दाम, जरा अभिमानानंच. वर बसून श्वास शांत केला, मग एकेक थर चढवला. भुरभुर पाऊस लागला तेव्हा रेनकोट काढायचा मोह झाला नाही. लोकरीवर थेंब नुसते उभे राहात होते, मोत्यांसारखे, आणि झटकले की जात होते. तीनच्या पुढे वारा फिरला. अक्षरशः फिरला, डाव्या गालावर होता तो समोरून यायला लागला, आणि त्याबरोबर हवेची चवच बदलली, लोखंडासारखी झाली. भाच्यानं गळ्यापर्यंत चेन ओढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता.

चार वाजता बर्फ. आणि बर्फात एक मादी, मागे दोन पिल्लं, या वर्षीचीच, पण मोठी झालेली. पंचवीस पावलांवरून गेली असतील. कुणाला कसली घाई नव्हती. तिच्या पाठीवर बर्फ पडत होता आणि वितळत नव्हता. एवढं गरम जनावर, श्वासाची वाफ दिसतेय, आणि पाठीवर पांढरी भुकटी तशीच साचलेली. मी भाच्याकडे बघितलं. बंदूक त्याच्या मांडीवरच होती. पिल्लं बरोबर होती म्हणून, का शेजारी मामा होता म्हणून, मी विचारलं नाही.

सासऱ्यांनी मात्र सकाळीच एक नर मारला होता. संध्याकाळी तो कोठारात टांगलेला बघितला. फोनवरून त्याची सरकारदरबारी नोंद झालेली, मानेच्या वरच्या भागासकट डोकं रोगाच्या तपासणीला जायचं. विस्कॉन्सिनात २००२ पासून हरणांमध्ये अंग झिजत जाण्याचा एक रोग सापडतोय. मला बरं वाटलं नाही, हे खरं सांगतो. त्यांचा हिशेब मला कळतो. शेतीच्या भागात लांडगे फारसे नाहीत, हरणं रस्त्यावर गाड्यांपुढे येतात, मक्यात शिरतात, आणि मारलेलं हरीण त्या घरात वर्षभर खाल्लं जातं, काही वाया जात नाही. पण कळणं वेगळं. त्याचे डोळे उघडे होते. मी बाजूला जाऊन उभा राहिलो तर सासऱ्यांनी माझा हात धरून त्याच्या मानेवर ठेवला. बोटं आत घाल, अशी खूण केली.

वरचे केस राठ. भाताच्या पेंढ्यासारखे कोरडे, दाबले की करकरणारे. त्यांनी एक उपटून दिव्यासमोर धरला: आत पोकळ. नळीच. प्रत्येक केसात हवा भरलेली. आणि बोटं त्या पेंढ्यातून आत गेली तर मुळाशी दुसरंच काही. बारीक, दाट, मऊ लोकर, माझ्या नखांपर्यंत. हिवाळ्यापुरती. उन्हाळ्यात हेच हरीण तांबूस, पातळ केसांचं असतं. वर्षातून दोनदा सगळा पोशाख बदलतं. थंडी वाढली तर वरचे केस उभे करून हवा वाढवतं, आपल्या अंगावर काटा येतो तसं. फक्त त्याच्या काट्याचा उपयोग होतो. पाठीवरचा बर्फ का वितळत नव्हता ते तेव्हा कळलं. आतली ऊब बाहेर येतच नव्हती.

माझी बोटं बराच वेळ तिथे होती. सासरे काही बोलले नाहीत. आमच्या दोघांत भाषा नव्हती आणि ती नसल्याचं काही बिघडलंही नाही.

ठाण्याला परत आलो तेव्हा डिसेंबर. सतरा-अठरा डिग्री आणि उपवनच्या कट्ट्यावर माकडटोप्यांची जत्रा. भेट म्हणून मिळालेलं ते केशरी बिनबाह्यांचं जॅकेट मी धुऊन गॅलरीच्या ग्रिलवर टाकलं, तर खालून शेजारी ओरडले, “महापालिकेत लागलात की काय?” तेव्हापासून ते पहाटे फिरायला जाताना घालतो. रिक्षावाले जरा लांबून जातात. सुती थर्मल बायकोनं चुलतभावाला मनालीला जायला दिलं. त्यालाही मी लेबल वाचायला सांगितलं, तो म्हणाला, “चांगलं जाड आहे की.”

आता मे लागलाय. बुद्ध पौर्णिमेसाठी येऊरला पुन्हा नाव दिलंय. परवा माळ्यावरून वडिलांची घोंगडी काढली. मूळची आजोबांची, मुरबाडकडची. ते आवणीच्या दिवसांत हीच डोक्यावरून खोळ करून घ्यायचे आणि दिवसभर बांधावर वाकायचे. काळी, राठ, कडेला उसवलेली. विणताना चिंचोक्याची खळ लावायचे तिची ताठी अजून गेलेली नाही. मे महिन्यात घोंगडी अंगावर घ्यायला मी काही वेडा नाही. घडी घालून बुडाखाली, आणि चार थेंब आलेच तर डोक्यावर. चार दिवस गॅलरीत वारा दाखवला, डांबराच्या गोळ्यांचा वास बराचसा गेला. जो राहिला तो मेंढीचा.

काल रात्री ती कानाशी धरून नखानं खरवडून बघत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली.

“काय ऐकताय?”

“काहीच ऐकू येत नाहीये.”

तिनं जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग कपाट उघडून दोन धुतलेली बनियनं काढून माझ्या पिशवीवर ठेवली.